मीरा रोड कोणत्या यादीत आहे?

ऑनलाइन फॉर्म भरताना पत्त्याच्या भागात काही चौकटी अशा येतात, की तिथे लिहायचे नसते, निवडायचे असते. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. मीरा रोडला घर घेतलेला माणूस आपल्या इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा पाहायला भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर जातो. ठाणे जिल्हा आणि ठाणे तालुका त्याला चटकन सापडतात. मग गावांची यादी उघडते आणि तीत मीरा रोड नसते. मिरे, काशी, पेणकरपाडा, नवघर, गोडदेव, खारी, घोडबंदर, भाईंदर ही नावे मात्र असतात. मीरा रोड हे रेल्वे स्थानकाचे नाव. स्थानकाभोवती वस्ती वाढली आणि लोकांच्या तोंडी तेच गावाचे नाव झाले, पण महसुली दप्तरात त्या नावाचे गाव नाही. शांतीनगर, नया नगर, शीतल नगर ही नावे तर बांधकामांबरोबर आलेली. खरेदीखतात ‘मौजे पेणकरपाडा’ किंवा ‘मौजे नवघर’ लिहिलेले असते, पण ते खत कपाटात आणि फॉर्म समोर. यादीत चूक काहीच नाही. तरीही ज्याच्यासाठी ती उघडली, त्याला तीत आपली जागा ओळखता येत नाही. हा दोष आळशी प्रोग्रामरचा म्हणून सोडून देता येत नाही. फॉर्ममधली यादी कुठून येते, कशी येते आणि तिची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्याच्या पद्धतीतच तो दडलेला आहे.

ही यादी पानावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रोग्रामर नावे थेट पानाच्या मजकुरात लिहून टाकतो. दुसऱ्यात पान उघडताना सर्व्हर डेटाबेसला विचारतो, तिथल्या तक्त्यातल्या ओळी उचलतो आणि प्रत्येक ओळीचा एक पर्याय करतो. प्रत्येक पर्यायाची दोन अंगे असतात. एक दिसणारे, म्हणजे नाव. दुसरे न दिसणारे, म्हणजे कोड. माणूस ‘नवघर’वर बोट ठेवतो आणि सर्व्हरकडे जातो तो नवघरचा क्रमांक. भारतातल्या जिल्ह्यांना, तालुक्यांना आणि गावांना असे क्रमांक देणारी एक केंद्रीय निर्देशिका पंचायती राज मंत्रालय चालवते. म्हणजे सोय हाताशी आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या यादीवर एखाद्याचा दाखला, तक्रार किंवा मालमत्तेची नोंद अवलंबून आहे, ती यादी पानात लिहिलेली नसावी. ती एका जिवंत तक्त्यातून यावी, आणि त्या तक्त्याला एक धनी असावा. नुसते ‘डेटाबेसमधून आणले’ म्हणून काम होत नाही. तक्त्याची रचनाच जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी जुळली पाहिजे, आणि ते किती अवघड असते हे मीरा रोड ज्यात येते त्या मीरा-भाईंदर शहराइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

या शहराच्या हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. महसुलाच्या दृष्टीने शहर ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे तालुक्यात आहे. टेलिफोनचा कोड मात्र मुंबईचाच, ०२२. पिनकोड भाईंदर पश्चिमेचा ४०११०१, भाईंदर पूर्वेचा ४०११०५, मीरा रोडचा ४०११०७. आता ठाणे शहराचे पिनकोड ४००ने सुरू होतात, आणि ४०१ने सुरू होतात ते वसई, विरार, पालघर, डहाणू यांचे. म्हणून पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्ह्याची चौकट आपोआप भरणारा प्रोग्राम मीरा रोडच्या माणसाला सरळ पालघर जिल्ह्यात नेऊन बसवू शकतो. विधानसभेच्या दृष्टीने शहराचा एक भाग मीरा-भाईंदर मतदारसंघात आहे, उरलेला ओवळा-माजिवडा मतदारसंघात. पोलिसांचे तर वेगळेच. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय काम करते आणि त्याची हद्द ठाणे व पालघर या दोन जिल्ह्यांत पसरली आहे.

आता फॉर्म करणाऱ्याची सवय पाहा. तो याद्या उतरंडीने लावतो: राज्य, त्याखाली जिल्हा, जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली गाव. पहिल्या चौकटीत निवड झाली की दुसरीची यादी डेटाबेसमधून नव्याने येते. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. ती सगळी एकदम पानावर ओतता येत नाहीत, म्हणून ही युक्ती योग्यच आहे. महसुली रचना खरोखरच उतरंडीची असल्यामुळे तिथे ती चालतेही. घोटाळा सुरू होतो तो त्याच उतरंडीत पोलीस ठाणे, मतदारसंघ आणि टपाल कार्यालय लटकवले की. ‘जिल्हा’खाली ‘पोलीस आयुक्तालय’ ठेवले, तर दोन जिल्ह्यांचे आयुक्तालय एका जिल्ह्याखाली टाकावे लागते आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या तक्रारदाराला ते दिसत नाही. दोन्हींखाली टाकले तर एका संस्थेच्या दोन नोंदी होतात, आणि पुढे हिशेब करणाऱ्याला त्या दोन वेगळ्या संस्था वाटतात. उपाय तसा साधा आहे. गाव, पोलीस ठाणे, पिनकोड आणि मतदारसंघ यांचे तक्ते वेगवेगळे ठेवायचे आणि कोणाचा कोणाशी संबंध आहे एवढे सांगणारा जोडतक्ता मध्ये घालायचा. एका गावाला दोन पिन असू शकतात, एका आयुक्तालयाला दोन जिल्हे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत नेमके हेच बसते. उतरंडीच्या रचनेत ज्याला जागा मिळत नाही, तेही त्या पद्धतीत सांगता येते. पन्नास वर्षांहून जुनी ही कल्पना फॉर्मच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तोटा होतो तो नेमका हद्दीवर राहणाऱ्यांचा.

जागेइतकाच काळाचाही प्रश्न आहे. काशीमीरा पोलीस ठाणे सप्टेंबर २०२० पर्यंत ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत होते, ऑक्टोबरपासून नव्या आयुक्तालयाच्या. पोलीस ठाण्याचे नाव तेच राहिले, वरचे कार्यालय बदलले. २०१८ मधल्या नोंदीपुढे आयुक्तालयाचे नाव छापले गेले तर ते खोटे ठरेल, आणि २०२१ मधल्या नोंदीपुढे ठाणे ग्रामीण छापले गेले तर तेही. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने हवेत. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची यादी कधीच स्थिर नव्हती. १ मे १९६० ला २६ जिल्हे होते. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना आले, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर निघून छत्तिसावा जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्या फॉर्मने निवडलेले नाव अक्षरांतच साठवले, त्याच्याकडे आज एकाच जिल्ह्याच्या दोन गठ्ठ्यांत नोंदी पडल्या आहेत. ज्याने क्रमांक साठवला, त्याला तक्त्यातली एक ओळ बदलून भागले. पालघरचे मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे जिल्ह्याचे नुसते नाव बदलले नाही, गावेच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली. २०१० मधला वसईचा माणूस ठाणे जिल्ह्यातलाच होता. त्याची जुनी नोंद पालघरमध्ये ढकलणे म्हणजे इतिहास बदलणे. प्रभागांचेही असेच आहे. मीरा-भाईंदरमध्ये २०१२ ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागांनी झाली आणि २०१७ ची बहुतेक चार सदस्यांच्या: ९५ नगरसेवक, २४ प्रभाग. दोन्ही वर्षांच्या नोंदींत ‘प्रभाग १२’ असेल, पण ती जमीन एकच नाही.

बाद झालेली ओळ तक्त्यातून पुसून टाकली की आणखी एक नुकसान होते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुना अर्ज दुरुस्तीसाठी उघडला जातो. त्यात साठवलेला पर्याय आजच्या यादीत नसतो. ब्राउझर मग यादीतला पहिला पर्याय निवडलेला दाखवतो. कारकून फोन नंबर बदलतो, ‘जतन करा’ दाबतो, आणि त्या माणसाचा जिल्हाही बदललेला असतो. अकारविल्हे यादीत पहिला जिल्हा अकोला. सुरुवातीला ‘निवडा’ असा रिकामा पर्याय ठेवला नाही, तर चौकटीला हातही न लावणारे सगळे अकोल्याचे होतात. म्हणून यादी काढताना सर्व्हरला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: आज चालू असलेल्या ओळी कोणत्या, आणि या विशिष्ट नोंदीत आधीपासून असलेली ओळ कोणती. त्याशिवाय फॉर्म परत आल्यावर आलेला क्रमांक त्याच तक्त्याशी पुन्हा ताडून पाहावा लागतो. यादीत नसलेला क्रमांकही कोणी पाठवू शकतो. पडद्यावरची यादी ही सोय आहे, पहारा सर्व्हरवरच बसवावा लागतो.

यावर पहिला आक्षेप कामाच्या माणसांकडून येतो, आणि तो पोकळ नाही. जिल्हे दहा वर्षांत एकदा बदलतात, त्यासाठी प्रत्येक पानाला डेटाबेसची फेरी कशाला? गर्दीच्या दिवशी, म्हणजे दाखल्यांच्या हंगामात किंवा मालमत्ता कराच्या शेवटच्या तारखेला, हजारो माणसे एकाच वेळी तेच पान उघडतात. डेटाबेस अडखळला तर यादी रिकामी येते आणि फॉर्मच बंद पडतो. वाराची, महिन्याची किंवा ‘होय-नाही’ची यादी पानात लिहिली तर काही बिघडत नाही, हे मलाही मान्य आहे. पण गावांच्या आणि कार्यालयांच्या यादीसाठी या अडचणीवर उत्तर आहे. एकदा काढलेली यादी सर्व्हरच्या स्मरणात काही काळ ठेवायची आणि तक्ता बदलला की ती टाकून द्यायची. यातही एक खड्डा आहे. जँगोसारख्या वेब-फ्रेमवर्कमध्ये काम करणारा नवखा माणूस कित्येकदा यादी प्रोग्राम सुरू होतानाच काढून ठेवतो. नवी ओळ तक्त्यात येते, पण सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत फॉर्मवर येत नाही. तिकडे कार्यालय सांगते की नोंद केली आहे, इकडे नागरिकाला ती दिसत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. यादी प्रत्येक विनंतीच्या वेळी मागायची आणि साठवण किती वेळ टिकेल हे स्पष्ट ठरवायचे, एवढ्याने हा खड्डा टळतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: यादी हवीच कशाला, लोकांना लिहू द्या. तसे केले तर ‘मीरा रोड’, ‘मिरारोड’, ‘मिरा रोड पूर्व’ अशा नोंदी येतात. महानगरपालिका स्वतः ‘मिरा’ असे ऱ्हस्व लिहिते, वर्तमानपत्रे बहुधा ‘मीरा’. यंत्राला ही सगळी वेगळी गावे. कोणत्या भागातून पाण्याच्या किती तक्रारी आल्या, हे मग मोजता येत नाही, आणि मोजता न आलेल्या तक्रारीला निधी मिळवून देणे कठीण. तरी या आक्षेपातला खरा भाग सोडू नये. माणसाला त्याच्या नावाने शोधू द्यावे. गावाच्या तक्त्याशेजारी बोलीनावांचा तक्ता ठेवावा. कोणी ‘मीरा रोड’ टाइप केले की मिरे, पेणकरपाडा, नवघर ही गावे समोर यावीत आणि ‘तुमच्या खरेदीखतात यांपैकी कोणते मौजे आहे?’ असे विचारावे. ‘काशीमीरा’ टाइप केले तर काशी आणि मिरे ही दोन्ही दिसावीत. साठवायचा तो महसुली गावाचाच क्रमांक, पण शोधायचे नाव लोकांचे. यादीचा क्रमही त्यांच्या सवयीचा हवा. नुसत्या युनिकोड क्रमांकांनी लावली की ‘क्ष’ची नावे ‘क’च्या गर्दीत जातात आणि ‘ळ’ हे ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये येऊन बसते. मराठी वर्णमालेत ही अक्षरे शेवटी येतात. मराठीसाठी क्रमवारीचे वेगळे नियम उपलब्ध आहेत. डेटाबेसला ते वापरायला सांगावे लागते, आणि बहुतेक वेळा ते सांगायचेच राहून जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा. डेटाबेसमधलीच नोंद चुकीची असेल तर? पानात लिहिलेल्या यादीतली चूक एका पानापुरती राहते. सामाईक तक्त्यातली चूक सगळ्या फॉर्मवर पसरते. हे खरे आहे. पण तीच चूक एका जागी सापडते आणि एका जागी सुधारता येते, हेही तितकेच खरे. दहा फॉर्ममध्ये दहा वेगळ्या याद्या असतील, तर कोणती बरोबर हे ठरवणारे कोणीच उरत नाही. मात्र त्यासाठी तक्त्याच्या प्रत्येक ओळीसमोर तिचा आधार लिहिलेला असला पाहिजे: कोणत्या राजपत्रातली कोणती अधिसूचना, कोणत्या तारखेची, ओळ कोणी घातली आणि कोणी तपासली. ‘इतर’ हा पर्यायही ठेवावा आणि त्यापुढे लिहायला जागा द्यावी. मग तिथे काय लिहिले जाते ते दर महिन्याला एका नेमलेल्या माणसाने वाचावे. उत्तन, डोंगरी, चौक, पालीचे लोक वारंवार ‘इतर’ निवडत असतील, तर त्यांच्या वस्त्यांची नावे बोलीनावांच्या तक्त्यात नाहीत, हे त्याला पहिल्याच वाचनात कळेल, आणि ती नावे त्याच दिवशी भरता येतील.