मुक्काम कुठे करायचा?

आमच्या बुलडाणा तालुक्यात सैलानी बाबांच्या दर्ग्याजवळ पिंपळगाव सराई नावाचं गाव आहे. सराई म्हणजे वाटसरूनं रात्र काढायची जागा. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तेव्हा माणसं माळावरच राहुट्या ठोकून राहतात. शेगावला गेलं तर गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास असतं. त्यामुळे मुक्कामाचा विचार आधी करायचा असतो, हे आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. ते मुंबईत उतरल्यावर कळतं.

मला ते २००३ साली कळलं. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचं होतं. १९४१ साली सुरू झालेलं हे कर्करोगाचं रुग्णालय आपल्याकडच्या खेड्यांतही नावानं ठाऊक आहे. मलकापूरहून रात्रीच्या गाडीनं आपा, दुल्हेभाई आणि मी निघालो. सकाळी दादरला उतरलो. राहण्याची सोय केली नव्हती. 'एवढी मोठी मुंबई, मिळेल कुठेतरी,' असा माझा हिशेब.

पहिल्या लॉजवाल्यानं रजिस्टर पुढे केलं, मी लिहिलेलं नाव वाचलं आणि खोली नसल्याचं सांगितलं. आमच्या मागून आलेल्या गृहस्थांना किल्ली मिळाली. आपा बाकावर बसून हे पाहत होती. ती काही बोलली नाही. तेव्हापासून मी फोनवर आधी पूर्ण नाव सांगतो, मग खोली विचारतो. नकार ऐकायचाच असेल तर तो घरी बसून ऐकावा, आजारी माणसाला रस्त्यात उभं करून नव्हे.

शेवटी कल्याणला स्वस्तात खोली मिळाली. दिवसाला शंभर रुपये वाचतात म्हणून मी खूश होतो. पण कल्याण ते परळ हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर, आणि तेही सकाळच्या लोकलनं. केमो झाल्यावर आपाला गर्दीच्या डब्यात चढवता येईना. टॅक्सी केली. आठवडाभराची बचत त्या एका फेरीत गेली, आणि आपाचे हाल झाले ते वेगळेच.

म्हणून पहिली गोष्ट ही, की भाडं विचारण्याआधी काम कुठे आहे ते पाहावं. मंत्रालयात काम असेल तर सीएसएमटीच्या आसपास राहावं. तिथून बस, टॅक्सी सहज मिळते. टाटात जायचं असेल तर परळ-दादरच्या जवळ. आणि टाटाचंच दुसरं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. बोलावणं कुठलं आहे, हे कागदावर नीट वाचून मगच जागा शोधावी.

दुसरी गोष्ट, किती दिवस राहायचं. दोन दिवस नातेवाइकांकडे निभतात. दोन महिने एका खोलीच्या संसारात कुणाकडेही निभत नाहीत. लांबच्या मुक्कामाला स्वयंपाकाची सोय, लिफ्ट आणि स्वच्छ संडास ही तीन ठिकाणं आधी पाहावीत. खोली कितीही चांगली असली, तरी पथ्याचं जेवण रोज बाहेरून आणणं परवडत नाही.

तिसरी गोष्ट, विचारायला लाजू नये. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आम्ही चौथ्या दिवशी गेलो. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा रस्ता दाखवला. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं निवासस्थान आहे. ते टाटातले नामवंत सर्जन होते. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांची चौकशी करावी. अशा ठिकाणी रुग्णालयाचे कागद आणि ओळखपत्र लागतं. गेल्या गेल्या जागा मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींची दुसरी सोय हाताशी ठेवावी.

मुंबईला ही रीत नवी नाही. १९९५ पर्यंत हजला जहाजं जात, तेव्हा आपल्या गावांकडचे हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यांत उतरत. परक्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर द्यावं, असं कुणाला तरी वाटलं म्हणून त्या जागा उभ्या राहिल्या.

दादरच्या धर्मशाळेत शेजारच्या बाई साताऱ्याच्या होत्या. त्यांचा नवरा आजारी होता. आपाला उठवत नसे, त्या दिवशी त्या आमच्याही भाकरी थापत. आपा आता सत्तरीची आहे. गावातलं कुणी मुंबईला निघालं की ती तिकिटाचं विचारत नाही. आधी विचारते, "मुक्काम कुठं आहे?"