परम्याचे जंतू जिवंतच हवेत

परम्याच्या जंतूंवर कोणते औषध चालते, याचा निवाडा प्रयोगशाळेत आजही जुन्याच रीतीने होतो. रुग्णाच्या स्रावातून जंतू वाढवायचे, दर ताटलीत औषधाचे प्रमाण दुप्पट करत नेलेल्या अगारवर त्यांचे ठिपके द्यायचे, कार्बन डायऑक्साइडच्या उबदार पेटीत दिवसभर ठेवायचे आणि वाढ कुठे थांबली ते पाहायचे. ती थांबवणारी सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. हा जंतू मोठा नाजूक. नमुना थंड पडला किंवा सुकला की वाटेतच मरतो. म्हणून जनुकीय चाचणीकडे ओढा वाढला. ती काही तासांत निदान करते, पण जंतू आहे की नाही एवढेच सांगते. निदान सोपे झाले म्हणून जंतू वाढवणे सोडून देणे ही काटकसर महागात पडेल, असे मला वाटते.

अमेरिकेचा अनुभव पाहा. तिथे 1986 पासून ठराविक दवाखान्यांतून दरमहा पहिल्या 25 पुरुष रुग्णांचे जंतू तपासले जाऊ लागले. सेफिक्झिम या गोळीची एमआयसी दर मिलिलिटरला 0.25 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेले जंतू 2006 मध्ये 0.1 टक्का होते. 2011 च्या पहिल्या आठ महिन्यांत 1.5 टक्के. गंमत अशी की, नेमका 0.25 आकडा आलेल्या जंतूवर तिथल्या निकषाने ‘औषध चालते’ असाच शिक्का बसतो. शिक्क्याआडचा आकडा पाहिला म्हणूनच ऑगस्ट 2012 मध्ये सेफिक्झिमला पहिल्या पसंतीवरून हटवून सेफ्ट्रायॅक्सोनच्या इंजेक्शनवर भर देता आला. दीड टक्क्यासाठी गोळी सोडून सुई कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण औषध जितके वापरावे तितके त्याला न जुमानणारेच जंतू मागे उरतात आणि तेच पुढच्या जोडीदाराकडे जातात. 2013 मध्ये हे प्रमाण 0.4 टक्क्यांवर आले, 2014 मध्ये पुन्हा 0.8 झाले. म्हणजे श्रेय छातीठोकपणे घेता येत नाही आणि मोजणी थांबवताही येत नाही.

रुग्ण अहवालासाठी थांबू शकत नाही, हा आक्षेप खराच. त्याला त्याच दिवशी औषध मिळायला हवे. जंतू वाढवून केलेली चाचणी मुख्यतः त्याच्यानंतर येणाऱ्यांसाठी आहे. जनुके वाचून प्रतिकार ओळखता येतो, हेही सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुरते बऱ्यापैकी खरे. सेफ्ट्रायॅक्सोनच्या बाबतीत मात्र अनेक बदल एकत्र येतात, आणि जो बदल अजून कुणी पाहिलेलाच नाही तो यंत्राला कसा कळणार? मोजणीची गरज आपल्याकडेही आहे. आपल्या सरकारी केंद्रांतून वर्षानुवर्षे लक्षणांवरून औषधांचे राखाडी किट दिले गेले. त्यातली औषधे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि तेच सेफिक्झिम. प्रत्येक तालुक्यात अशी प्रयोगशाळा कुणी मागत नाही. मोजक्या दवाखान्यांतून दरमहा थोडे नमुने जिवंतपणी ताटलीपर्यंत पोहोचले, तरी पुढचे किट कशाचे असावे हे ठरवता येईल.