पनवेलच्या वैद्यांचा कारखाना

वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलला औषधांचा कारखाना काढला आणि त्याला नाव दिलं राजापूरजवळच्या धोपेश्वरातल्या महादेवाचं, श्री धूतपापेश्वर. तेव्हा डाबर नव्हती, झंडू नव्हती, कोट्टक्कलची आर्यवैद्यशाळा नव्हती. काढे, आसवं, भस्मं गावोगावच्या वैद्यांच्या माजघरात होत होती. पण ती बाटलीत भरून, लेबल लावून अनोळखी माणसाच्या हाती द्यायची, हा उद्योग अजून उभा राहायचा होता. दीडशे वर्षं उलटली तरी हा कारखाना चालू आहे. मराठी घरांतल्या फडताळात दशमूलारिष्टाची नाहीतर महासुदर्शन काढ्याची बाटली असायची, तिच्यावरचं हे नाव आपण इतक्या सवयीनं वाचलं, की एका वैद्यानं केवढं धाडस केलं होतं याकडे लक्षच गेलं नाही.

धाडस पैशाचं होतंच, पण त्याहून मोठं दुसरं होतं. घरचा वैद्य म्हणजे नुसता औषध देणारा नव्हे. आजोबांना दमा होता, आईची पहिली बाळंतपणं अवघड गेली, धाकट्याचं पोट जन्मापासून नाजूक, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. नाडी बघायची, जीभ बघायची आणि मग मात्रा ठरवायची. तीच मात्रा एकाला मधातून, दुसऱ्याला तुपातून, तिसऱ्याला आल्याच्या रसातून. औषधाचा अर्धा गुण अनुपानात, असं जुनी माणसं म्हणत, आणि ते अनुपान वैद्य समोर बसून सांगे. पुढे डॉक्टर आले तेव्हाही हे नातं फारसं बदललं नाही. कंपाउंडरनं मिक्श्चर ढवळून द्यायचं, बाटलीला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची; ती बाटली त्या एका रोग्याचीच. कारखान्यात भरलेली बाटली कुणाचीच नसते. ती घेणारा कोण, कोणत्या प्रकृतीचा, कोणत्या गावचा, हे बनवणाऱ्याला कळायची सोय नाही. रोग्याला न बघता औषध द्यायचं, हे वैद्यकुळातल्या माणसाला पटायला सोपं नसणार.

तरीही ही वाट का निघाली, याचं एक उत्तर औषधांच्या कृतीतच आहे. आसव किंवा अरिष्ट एका माणसापुरतं करता येत नाही. दशमूलारिष्टात साठाहून अधिक द्रव्यं लागतात. मुळ्या भरड कुटायच्या, भरपूर पाण्यात घालून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायच्या, काढा गाळून निवला की त्यात गूळ आणि मध विरघळवायचा, मनुका घालायच्या, धायटीची फुलं टाकायची, वरून सुगंधी द्रव्यांचं चूर्ण घालायचं आणि तोंड बंद करून ठेवून द्यायचं. धायटीच्या वाळलेल्या लालसर फुलांबरोबर आंबवणारं यीस्ट आत जातं आणि गुळाचा मद्यार्क व्हायला लागतो. महिनाभर तरी जातो. ऋतू थंड असेल तर जास्तच. एवढा खटाटोप करून हाती येतं ते पिंपभर औषध, आणि दारात असतात तापानं फणफणलेले चारसहा रोगी. उरलेलं औषध दुसऱ्या वैद्यांना द्यावं, त्यांच्याकडून त्याचे पैसे घ्यावेत, हा विचार त्या पिंपातच दडलेला आहे.

पिंपात काय चाललंय हे ओळखायची जुनी रीत फार सुंदर आहे. भांड्याला कान लावायचा. आंबणं चालू असेल तर आतून बारीक सळसळ ऐकू येते. मग झाकण किंचित सरकवून पेटती काडी आत धरायची. ती विझली, तर कर्बवायू अजून निघतोय, औषध तयार नाही. काडी जळत राहिली, धायटीची फुलं तळाशी बसली, आवाज थांबला, की संधान पुरं झालं. आजच्या कारखान्यात मद्यार्काचं प्रमाण यंत्रानं मोजतात आणि नोंदवहीत आकडा लिहितात; साधारण ५ ते १० टक्के, आणि नियमानं १२च्या वर जायचं नाही. पण त्या आकड्यानं जे सांगायचं ते काडी आणि कान पूर्वीपासून सांगत होते. आयुर्वेदाचा कारखाना म्हणजे परंपरा मोडून आलेली वस्तू असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही परीक्षा एकदा डोळ्यांनी बघावी. मोजून बघायची सवय या शास्त्रात पहिल्यापासून आहे.

जागाही लाभली होती. पनवेल हे खाडीवरचं बंदर. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारे लोक पडावानं पनवेलला उतरत आणि मग घाट चढत. रेल्वे कर्जतवरून गेली आणि पनवेलची ती वर्दळ ओसरली, पण बाजार राहिला आणि मागे सह्याद्री राहिला. कुडा, अडुळसा, हिरडा, बेहडा, गुळवेल, शतावरी या भागातल्या जंगलांत होतंच. एका बाजूला औषधी, दुसऱ्या बाजूला मुंबईचं गिऱ्हाईक, मध्ये वैद्य. आणखी एक गोष्ट लवकरच जुळून आली: १८७७ साली टपालखात्यानं व्ही.पी. सुरू केली. पोस्टमननं पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे आणि विकणाऱ्याला पोचते करायचे. औषधांच्या धंद्याला या एका सोयीनं जेवढं बळ दिलं तेवढं कुठल्याच राजाश्रयानं दिलं नसेल. खेड्यातला शिक्षक वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून कार्ड टाकायचा आणि औषध दारात यायचं.

भस्मांचं काम मात्र आसवांपेक्षा कितीतरी कडक. अभ्रक घ्या. शोधन करायचं, वनस्पतींच्या रसात घोटून चकत्या करायच्या, वाळवायच्या, मातीच्या दोन परळांत ठेवून सांधा कापडमातीनं लिंपायचा आणि पुट द्यायचं. गजपुट म्हणजे खड्ड्यात खाली हजार गोवऱ्या, मध्ये संपुट, वर पाचशे गोवऱ्या. निवल्यावर उघडायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा पुट. शतपुटी अभ्रकाला हे शंभर वेळा, सहस्रपुटीला हजार वेळा. आता विजेच्या भट्ट्या आल्या, उष्णता ठरवून देता येते, पण घोटणं आणि पुन्हा भाजणं टळत नाही. शेवटी परीक्षा. चिमूटभर भस्म पाण्यावर टाकलं तर तरंगलं पाहिजे. अंगठा आणि तर्जनीत चोळलं तर बोटांच्या रेषांत शिरून बसलं पाहिजे. उन्हात धरलं तर एकही चमक दिसता कामा नये. तूप, मध, गूळ, गुंज आणि टाकणखार घालून तापवलं तर धातू परत येता कामा नये. यातली एक परीक्षा फसली तरी भस्म पुन्हा पुटात.

माझ्या मते या उद्योगाचा खरा पाया इथे आहे. वैद्य समोर असताना रोगी वैद्यावर विश्वास ठेवत होता. वैद्य समोरून गेला, तेव्हा तो विश्वास परीक्षेवर ठेवावा लागला. जो कारखाना परीक्षा पाळतो तो वैद्याचा वारस. जो पाळत नाही तो नुसता दुकानदार.

पनवेलनंतर ही वाट अनेकांनी धरली. कोलकात्यात डॉ. एस. के. बर्मन यांनी १८८४ साली औषधं करायला सुरुवात केली. डाक्टर बर्मनचं डाबर झालं. मलबारात कोट्टक्कलला पी. एस. वारियर यांनी १९०२ साली आर्यवैद्यशाळा काढली. वारियरांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अष्टवैद्य कुळातल्या गुरूकडे शिकलेला हा तरुण डोळ्यांच्या दुखण्यासाठी मंजेरीच्या सरकारी डॉक्टरांकडे गेला आणि बरा होऊन त्यांच्याच हाताखाली पाश्चात्त्य वैद्यक शिकला. तिथे त्यानं पाहिलं, की तयार औषध हाताशी असलं की डॉक्टरचा किती वेळ वाचतो. काढा रोज ताजा करावा लागतो, तो टिकाऊ करून बाटलीत देता येईल का, हा प्रश्न त्यानं तिथून आणला. कारखान्यापाठोपाठ ‘धन्वंतरि’ मासिक काढलं, १९१७ साली पाठशाळा काढली, पुढे धर्मार्थ रुग्णालय उभारलं आणि १९४४ साली वारियर गेले ते मृत्युपत्रानं सगळी संस्था न्यासाच्या हाती देऊन. कारखाना, शाळा, रुग्णालय एकत्र ठेवल्यामुळे तिथला औषध बनवणारा माणूस रोग्यापासून तुटला नाही. आपल्याकडच्या आयुर्वेदीय कंपन्यांत हे जितकं व्हायला हवं होतं तितकं झालं नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हैसूरकडेही कारखान्याची हीच वाट निघाली. म्हैसूर शहरात १९०८ साली सुरू झालेलं आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर नंजनगूडला बी. व्ही. पंडित यांनी १९१३ साली सद्वैद्यशाळा काढली. त्यांची दंतपूड कन्नड घरांत इतकी रुजली, की गावाचंच नाव तिला लागलं. शिकलेला वैद्य आणि बाजारातली पुडी यांतलं अंतर त्या मुलखात असं एका बसच्या प्रवासाएवढं आहे.

कायदा मागाहून आला. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेली औषधंही सापडली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं औषधांपुरती ती बंदी काढली. नाहीतर बाळंतिणीच्या दशमूलारिष्टालाही परवाना लागला असता. १९४०च्या औषध कायद्यात आयुर्वेद १९६४च्या दुरुस्तीनं आला, शास्त्रीय पाठांचा अधिकृत संग्रह १९७८ साली छापला गेला, आणि कारखाना कसा असावा याचे सक्तीचे नियम २००० साली झाले. म्हणजे पनवेलच्या कारखान्यानं पहिली शंभराच्या आसपास वर्षं कुणी तपासायला येत नसताना काढली.

या मोकळीकीचा गैरफायदा या धंद्यातल्या अनेकांनी घेतला, हेही सांगायला हवं. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या आसपास विकली जाणारी ७० आयुर्वेदीय औषधं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. यावर आपल्याकडे दोनच आवाज उठले: एक सगळा आयुर्वेद फेकून द्या म्हणणारा, दुसरा हे परदेशी कारस्थान म्हणणारा. दोन्ही चुकीचे. वनस्पतींच्या गोळीत शिसं सापडत असेल तर तो घाणेरड्या कच्च्या मालाचा किंवा लपवाछपवीचा पुरावा आहे. आणि रसौषधात पारा मुद्दाम घातलेला असेल, तर लेबलावर तो लिहिला पाहिजे, आणि शास्त्रातल्या परीक्षांबरोबर प्रयोगशाळेची परीक्षाही उतरली पाहिजे. भस्म पाण्यावर तरंगतं, पण ते मूत्रपिंडाला काय करतं हे पाणी सांगत नाही. सरकारनं २००६च्या सुरुवातीपासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. आधी निर्यातीसाठी, म्हणजे परक्या रोग्यासाठी! घरच्या रोग्याला तीच काळजी पहिल्या दिवसापासून मिळायला हवी होती.

कच्चा माल हाच यापुढचा मोठा प्रश्न. दशमुळांतली पाच मुळं झुडपांची आणि वेलींची: सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू. ती वर्षादोनवर्षांत पुन्हा येतात. उरलेली पाच झाडांची: बेल, ऐरण, टेटू, पाडळ, शिवण. झाडाचं मूळ काढायचं म्हणजे झाड जातं. माजघरातल्या वैद्याला वर्षाला दोनचार झाडं पुरत. कारखान्यांना गाड्या भरून लागतात. म्हणून बाजारात मुळाच्या जागी खोडाची साल येते, आणि पाडळ तर कित्येक ठिकाणी शोधावी लागते. साल चालते की नाही यावर वैद्यांत मतभेद आहेत, संशोधनही चालू आहे. पण ते संपेपर्यंत थांबून भागणार नाही. जो कारखाना अरिष्ट विकतो त्यानं टेटू आणि पाडळ लावली पाहिजे, किती लावली ते वार्षिक अहवालात छापलं पाहिजे. कोकणात पडीक वरकस जमीन आहे, लावणारे हात आहेत, आणि शिवण तर आठदहा वर्षांत चांगली उंच होते.