समुद्रात जन्मणारी, नदीत वाढणारी वाम

गोव्याच्या बाजारात वाम म्हटली की समुद्रातील लांबट मासळीच डोळ्यांसमोर येते. नद्यांतही एक वाम असते. तिचे शास्त्रीय नाव 'अँग्विला बेंगालेन्सिस'. ही वाढते गोड्या पाण्यात, जन्मते मात्र समुद्रात. तिच्या वावराच्या प्रदेशात गोदावरीचे खोरे येते आणि या खोऱ्याचे एक टोक मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा व सौसर तालुक्यांपर्यंत पोहोचते.

गोटमारीमुळे सर्वांना ठाऊक असलेली पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत शिरते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत. पुढे बंगालचा उपसागर. समुद्रापासून इतक्या दूरच्या सातपुड्यालाही समुद्राचा रस्ता आहे तो असा.

वामेची पिल्ले या रस्त्याने प्रवाहाविरुद्ध वर येतात. अनेक वर्षे डोहांत, कपारींत काढल्यावर प्रौढ वामेचे रूप पालटते: अंग रुपेरी होते, डोळे मोठे होतात, अन्ननलिका आक्रसते. त्यानंतर ती काही खात नाही. साठवलेल्या चरबीवर समुद्र गाठायचा, एकदाच अंडी घालायची आणि मरायचे. युरोपीय वामेला यंत्रे बांधून पाहिले तेव्हा ती दिवसा शेकडो मीटर खोल उतरते व रात्री वर येते, असे आढळले. जपानी वामेची अंडी २००९ मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेस सापडली. भारतीय वामेच्या जन्मस्थळाचा माग सुमात्राच्या पश्चिमेकडील समुद्राकडे नेतो. अंड्यांतून निघणारे जीव पानासारखे चपटे, काचेसारखे पारदर्शक असतात. प्रवाहांबरोबर वाहत ते किनाऱ्याला लागतात.

आता वाटेतील बांध मोजा. धवळेश्वरमचा १८५२ चा बांध, मेडीगड्डा, अंभोऱ्याच्या खाली गोसीखुर्द. कोवळी पिल्ले ओल्या भिंतींवरून काही अंतर चढतात, म्हणून जुने बुटके बंधारे त्यांना तितके जाचक नव्हते. उंच धरणाची भिंत मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची. उतरणाऱ्या मादीची गत याहून वाईट, कारण जलविद्युत केंद्राच्या पात्यांत लांब शरीर सहज सापडते.

रोहू-कटल्याचे बीज केंद्रात तयार करून जलाशयात सोडता येते. वामेचे तसे नाही. जगभरचे वामपालनही मुख्यतः निसर्गातून पकडलेल्या पिल्लांवर चालते. त्यामुळे धरणाला मत्स्यमार्ग नसेल, तर वरच्या खोऱ्यातील वाम सरकारी मत्स्यबीजाने भरून येणार नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद 'संकटसमीप' अशी केली आहे.