ढूंढाडचा काव्यमंच : दंगल ते ओपन माइक

धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूर या शहरांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ उत्तरेकडे कोटा व टोंक मागे टाकून जयपूरकडे जातो. जयपूर सुमारे ४० किलोमीटरवर असताना या मार्गावर चाकसू लागते. हे तहसिलीचे गाव ढूंढाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडते. लोकांसमोर उभे राहून कविता सादर करण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती या टापूत पाहावयास मिळतात : गावोगावच्या संगीत दंगली, जत्रा-उत्सवांतील कविसंमेलने आणि जयपूर शहरातील ओपन माइक. तिन्ही ठिकाणी कविताच म्हटली जाते. परंतु वेळ, आवाज, उत्तर देण्याचा अधिकार आणि भाषा यांचे नियम वेगळे असल्याने कविताही वेगळी होते. ढूंढाडी बोलीतील कवितेचे भवितव्य या नियमांशी बांधलेले आहे.

जुने काव्यकेंद्र

चाकसूचे जुने नाव चाटसू किंवा चंपावती. गुहिल घराण्यातील बालादित्य या राजाचा साधारण दहाव्या शतकातील शिलालेख येथे सापडला. तो संस्कृत पद्यात असून पुण्याच्या भांडारकर घराण्यातील इतिहाससंशोधक देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या बाराव्या खंडात संपादित केला. सोळाव्या शतकात ठक्कुरसी हा जैन कवी याच चंपावतीत राहत होता. एका कंजूष माणसावर त्याने रचलेले कथाकाव्य जुन्या हिंदी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे.

गावाजवळील शील की डूंगरी या टेकडीवर शीतलामातेचे मंदिर आहे. उत्तरेकडील पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे चैत्र कृष्ण अष्टमीला, म्हणजेच महाराष्ट्रातील फाल्गुन वद्य अष्टमीला, तेथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न खाण्याची प्रथा आहे. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या स्त्रिया देवीची गाणी म्हणत टेकडी चढतात. पाठांतरातून चालत आलेल्या रचना समूहाने आणि उघड्यावर म्हणणे ही या भागाची जुनी सवय आहे.

दंगल म्हणजे काय?

मराठीत 'दंगल' म्हटले की दंगाधोपा किंवा कुस्त्यांची दंगल आठवते. ढूंढाडात हा शब्द गायनाच्या सामन्यालाही लावला जातो. चाकसूच्या पूर्वेस, शेजारच्या दौसा जिल्ह्यातील लालसोट येथे गणगौरच्या सुमारास भरणारी हेला ख्यालाची दंगल यांत विशेष प्रसिद्ध आहे. ही परंपरा अडीचशेहून अधिक वर्षांची असल्याचे तेथे मानले जाते. 'हेला' म्हणजे उंच स्वरात दिलेली हाक. आसपासच्या जिल्ह्यांतील मंडळ्या आपापल्या रचना घेऊन येतात आणि मोठ्या नगाऱ्याच्या साथीने रात्र-रात्र गातात. प्रारंभी देवतेचे स्तवन होते. त्यानंतर महागाई, निवडणुका, नेत्यांची आश्वासने अशा चालू विषयांवरील रचना येतात. त्या दरवर्षी नव्याने बांधल्या जातात. त्यामुळे श्रोत्यांना वर्षभरातील राजकारणाचा पद्यमय आढावाच ऐकावयास मिळतो.

याच पट्ट्यात, विशेषतः मीणा समाजात, कन्हैया आणि पद या प्रकारांच्या दंगली होतात. त्यांत 'मेडिया' हा प्रमुख गायक रामायण, महाभारत किंवा पुराणांतील कथाभाग सांगतो आणि भोवतालचा समूह ओळ उचलून धरतो.

ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यामागे व्यावहारिक कारण आहे. ध्वनिक्षेपक नसतानाच्या काळात मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा, तर तो अनेक कंठांतून आणि अनेकदा यावा लागे. म्हणून ओळ आखूड, यमक ठसठशीत आणि आशय एका श्वासात समजेल असा असतो. पुनरावृत्तीमुळे श्रोत्याचेही पाठांतर होते. वहीत न उतरवलेली रचना पुढील पिढीपर्यंत जाते ती या मार्गाने.

कलगी-तुऱ्याचे नाते

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. सवाल-जबाबाचा कलगी-तुरा महाराष्ट्रात शाहिरांनी रंगवला, तसाच तुर्रा-कलंगी या नावाचा ख्याल राजस्थानात चित्तोडगढ परिसरात रुजला. तिकडील परंपरा त्याचा उगम मध्य प्रदेशातील चंदेरीशी जोडते. तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्यात पद्यातून वाद रंगला आणि प्रसन्न झालेल्या राजाने एकाला तुरा व दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका आहे. तुरेवाले शिवाला व कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, ही विभागणी दोन्ही प्रदेशांत सारखीच आहे. कोकणात आजही होणारे शक्ती-तुऱ्याचे सामने याच कुळातील होत.

या सर्व प्रकारांत कवितेला उत्तर मिळते. प्रतिपक्ष रचनेतील चूक, पुराणातील विसंगती किंवा छंदातील ढिलाई भर सभेत दाखवून देतो. त्यामुळे कवीला आपल्या रचनेबरोबरच समोरच्याची रचनाही लक्ष देऊन ऐकावी लागते.

कविसंमेलनाचा मंच

विसाव्या शतकात हिंदी भाषक प्रदेशात कविसंमेलन लोकप्रिय झाले. राजस्थानात जत्रा व उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला हमखास स्थान असते. कोट्याच्या दसरा मेळ्यातील कविसंमेलन त्याचे ठळक उदाहरण होय. येथे सूत्रसंचालक कवींचा क्रम ठरवतो, हास्य व वीर रसाच्या कवींना अधिक मागणी असते आणि निमंत्रितांना मानधन मिळते. या मंचाची मुख्य भाषा हिंदी असली, तरी मेघराज मुकुल आणि कन्हैयालाल सेठिया यांच्यासारख्या कवींच्या राजस्थानी रचनाही श्रोत्यांच्या तोंडी बसल्या.

महाराष्ट्रात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी केलेल्या एकत्रित काव्यवाचनांनी असाच श्रोतृवर्ग घडवला. मात्र या पद्धतीत व्यासपीठ निमंत्रितांचे असते. नवख्या कवीने कोठे उभे राहावे, या प्रश्नाचे एक उत्तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील कविकट्ट्याने दिले.

ओपन माइकचे नियम

ओपन माइक हे त्याच प्रश्नाचे शहरी उत्तर आहे. अमेरिकेत शिकागो येथे मार्क स्मिथ या कवीने १९८६ मध्ये 'पोएट्री स्लॅम' ही काव्यस्पर्धा सुरू केली. तीन मिनिटांची मर्यादा, श्रोत्यांतूनच निवडलेले पाच परीक्षक आणि त्यांनी तत्काळ दिलेले गुण, हे तिचे रूप पुढे रूढ झाले. भारतातील महानगरांत गेल्या दशकात स्पोकन वर्डचे कार्यक्रम वाढले. २०१७ पासून मुंबईत त्यासाठी मोठे महोत्सवही होऊ लागले. जयपूरच्या कॅफेंतून व सभागृहांतून तोच प्रघात पडला.

येथील पद्धत सोपी आहे. इच्छुकाने आधी नाव नोंदवायचे, काही ठिकाणी शुल्क भरायचे आणि मिळालेल्या पाच-सहा मिनिटांत कविता सादर करायची. गुरू, मंडळी किंवा वाद्यांची गरज नसते. खोली लहान आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी असल्याने कुजबुजही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचते. परिणामी येथील कविता बोलण्याच्या लयीत, लांब वाक्यांत आणि दीर्घ विरामांत चालते. दंगलीतील रचना 'आम्ही' म्हणते, येथील कविता बहुधा 'मी' म्हणते.

काय मिळाले, काय सुटले?

या बदलाचा मोठा लाभ स्त्रियांना झाला आहे. दंगलीच्या मंडळ्यांत बहुतांश पुरुष असतात आणि रात्रभर चालणाऱ्या सामन्यात मुलींना उभे राहणे कठीण जाते. घरातील बंधने, विवाहाची सक्ती, जातीवरून होणारी अवहेलना किंवा मनाचे आजार यांवर एकट्या व्यक्तीने बोलावे, अशी जागा जुन्या मंचावर फारशी नव्हती. नाव नोंदवण्याच्या साध्या नियमाने ती उपलब्ध करून दिली.

सुटलेल्या गोष्टींत भाषा प्रथम येते. ओपन माइकची भाषा प्रामुख्याने हिंदी, उर्दूमिश्रित हिंदुस्तानी किंवा इंग्रजी असते. चाकसूच्या परिसरातून शहरात जाणारा तरुण घरी ढूंढाडी बोलत असला, तरी मंचावर बहुधा हिंदीचा आधार घेतो. २०११ च्या जनगणनेत ढूंढाडी ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या सुमारे १५ लाख होती आणि त्यांची गणना हिंदीखाली करण्यात आली. साहित्य अकादमी राजस्थानीला पुरस्कार देते; १९७४ मध्ये तो विजयदान देथा यांना मिळाला. राजस्थान विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी राजस्थानीचा आठव्या अनुसूचीत समावेश करावा, असा ठराव एकमताने संमत केला. परंतु तो समावेश झालेला नाही. शाळा आणि कार्यालये यांत स्थान नसलेल्या बोलीला सार्वजनिक मंच हाच मुख्य आधार उरतो. तेथूनही ती मागे सरली, तर ती केवळ घरातली भाषा होऊन बसते.

दुसरी गोष्ट उत्तराची. ओपन माइकवर कविता संपताच टाळ्या पडतात आणि पुढील नाव पुकारले जाते. त्यामुळे नवोदिताचे धैर्य वाढते, परंतु रचनेतील उणीव त्याला कळत नाही. ध्वनिचित्रफीत मोबाइलवरून हजारोंपर्यंत जाते, तेथेही बहुधा पसंतीची संख्याच हाती लागते.

दोन्ही मंचांना एकमेकांकडून घेण्यासारखे बरेच आहे. ओपन माइकमध्ये काही वेळ बोलीतील कवितांसाठी राखणे, कठीण शब्दांचा अर्थ आधी सांगून मग मूळ रचना म्हणणे आणि एका कवितेला दुसऱ्याने कवितेतून उत्तर देणे, यांसाठी वेगळा खर्च लागत नाही. दंगलीच्या आयोजकांनाही मुलींच्या मंडळीसाठी सायंकाळची, सोयीची वेळ ठरवता येईल. आकाशवाणीचे सर्वभाषा कविसंमेलन १९५६ पासून मूळ कविता आणि तिचा अनुवाद एकत्र ऐकवत आले आहे. कवितेने श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आपली भाषा सोडावी लागत नाही, हे त्यावरून दिसते.