आवणी आणि आषाढी

वारीचे कौतुक करताना एक गोष्ट हटकून सांगितली जाते. पेरण्या उरकल्या की शेतकरी पंढरीची वाट धरतो, म्हणून प्रपंच आणि परमार्थ यांचा मेळ आपोआप बसतो. सोलापूर-मराठवाड्याच्या जिरायती रानाला हे लागू पडते. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या भाताच्या तालुक्यांना पडत नाही. रोप 21 ते 25 दिवसांचे झाले की ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावावेच लागते; हीच आवणी. आषाढी 2023 मध्ये 29 जूनला आली, 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला. तारीख सरकली तरी आवणीच्या हंगामातून वारी सहसा सुटत नाही. कार्तिकीला हीच ओढाताण कापणी-झोडणीची. भोरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नीरेत ज्ञानेश्वरांच्या पादुकांना स्नान घडते, तेव्हा त्या उगमाकडचा माळकरी गुडघाभर चिखलात उभा असतो.

या खोऱ्यांतून पाहिले की मेळ पंचांग बसवत नाही, घर बसवते, हे स्पष्ट होते. एक जण वारीला गेला की त्याच्या वाट्याची आवणी दुसरे कोणी करते, आणि बहुधा ती घरातली बाई असते. हा हिशेब भक्तीला कमीपणा आणणारा नाही. तो आपल्या परंपरेतच आहे. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवण्याआधी तुकारामांनी धाकटे भाऊ कान्होबा यांचा निम्मा हिस्सा वेगळा काढून दिला आणि फक्त आपला बुडवला, असे चरित्रकार सांगतात. मला ही वाटणी त्या त्यागाइतकीच मोलाची वाटते, कारण सोडता येतो तो आपलाच वाटा. मात्र त्याच घरात त्यांच्या पत्नी जिजाईंवर जे ओझे आले, त्याची अशी वाटणी कोणी केली नाही, हेही म्हटलेच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, घरच्यांचा विचार करत बसले असते तर रामदास बोहल्यावरून निघालेच नसते आणि वरंध घाटाखालच्या शिवथरघळीत दासबोध झाला नसता. पण रामदासांनी संसार मांडलाच नव्हता. मांडलेला संसार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून जाणे वेगळे. आणि आधी प्रपंच नेटका करा, हे तर दासबोधच सांगतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: मग जो मागे राहतो त्याचा परमार्थ उणा का? अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, आणि पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी आजही अरणला जाते. संप्रदायाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. फक्त ते मागे राहणाऱ्या बाईच्या समाधानासाठी वापरू नये. सावता स्वेच्छेने राहिले होते, तिला कोणी विचारलेले नसते. माझ्या मते निघण्याआधी वारकऱ्याने इर्जिकीत, म्हणजे परस्परांच्या शेतात मिळून काम करण्याच्या रीतीत, दुसऱ्यांच्या खाचरात राबावे, म्हणजे त्याच्या खाचराला हात मिळतील. आणि एक आड एक वर्ष तुळस तिच्या डोक्यावर द्यावी, आवणी आपण करावी.