वन्संची पोवळ्यांची बाग

मे महिन्याच्या सुटीत अमेरिकेला जाऊन आल्यापासून भेटेल ती विचारते, "नायगारा पाहिलास का?" पाहिला. पण त्याचं वर्णन आता कुणालाच नवं नाही. मला सांगायचंय ते न्यू जर्सीतल्या माझ्या वन्संच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीबद्दल. त्या टाकीत मी जो घोळ घातला तोही सांगणार आहे, कारण तो गाळून बाकीचं सांगणं म्हणजे लबाडी होईल.

टाकी चार फूट लांब, पाणी सुमारे २८० लिटर. मासे अवघे पाच, बाकी सारी पोवळी. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळसूत्रात वाटीशेजारी ओवलेला लाल मणी आठवतो. तो भूमध्य समुद्रातल्या निराळ्या जातीचा. इथे होती ती पोपटी, जांभळी, पाण्याबरोबर डोलणारी झुबकी. "अगंबाई, किती सुरेख झाडं!" मी म्हटलं, तर वन्सं हसल्या. "झाडं नव्हेत गं, प्राणी आहेत ते."

एकेक जीव म्हणजे एक पोट, एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांची झालर. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि भाड्यापोटी घरमालकाला देतं. मालक पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातो. समुद्रातल्या प्रचंड प्रवाळभिंती अशाच उभ्या राहिल्या. पाणी फार तापलं की मात्र बिऱ्हाड मोडतं. शैवाल निघून जातं, पोवळं पांढरंफटक पडतं, आणि बरेच दिवस तसंच राहिलं तर उपाशी मरतं.

म्हणून पोवळी पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं. नळाचं पाणी चालत नाही. त्यातलं क्लोरीन आणि जराशा तांब्याचा अंशही या जिवांना बाधतो. गाळणयंत्राचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ, उष्णता २५-२६ अंश. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम हवं. नवी टाकी भरली की चार ते सहा आठवडे तिच्यात काही सोडायचं नाही. मासळीच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जंतू आधी दगडांवर वाढावे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही नाही, तसंच. घाई करणाऱ्यांचं इथेच दिवाळं निघतं, असं वन्सं म्हणाल्या. त्यांनी स्वतः पहिलं वर्ष फक्त मऊ, काटक जातींवर काढलं.

मला गंमत वाटली ती कलमं करण्याची. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, टाकीच्याच पाण्याने भरलेला वाडगा, हाड कापायची कातर आणि घट्ट मलमासारखा सुपरग्लू. फांद्यांची पोवळी कातरीने तोडायची. मऊ जाती धारदार पात्याने कापायच्या. तुकडा चिनीमातीच्या छोट्या चकतीवर डिंकाने चिकटवायचा. हा डिंक ओल्या जागेवरही धरतो. काही दिवसांत मांस चकतीवर उतरू लागतं. छत्रीसारखी एक गुळगुळीत जात असते, तिला डिंक धरत नाही. तिचे तुकडे खड्यांच्या वाटीत ठेवून वर जाळी बांधायची. एक-दोन आठवड्यांत ते आपणहून खड्याला चिकटतात.

एक गोष्ट त्यांनी दटावूनच सांगितली. बटणासारखी फुलं येणाऱ्या काही पोवळ्यांत भयंकर विष असतं. ती हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापायची नाहीत, आणि ती उगवलेला दगड कधीही उकळायचा किंवा गरम पाण्याने घासायचा नाही. वाफेतूनही विष चढतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला २०१८ साली एका घरात अशीच टाकी साफ करताना घरातल्या सगळ्यांसकट मदतीला आलेले अग्निशामक दलाचे जवानही इस्पितळात गेले. स्वयंपाकघरातल्या पातेल्यांशी या छंदाची गाठ पडू द्यायची नाही, हा वन्संचा नियम.

टाकीच्या मधोमध पोपटी झुबक्यांचं एक मोठं पोवळं होतं, तीसेक तोंडांचं. इंग्रजीत त्याचं नाव बेडकाच्या अंड्यांवरून पडलंय, आता काय म्हणावं! त्याची कथा अशी. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ न्यू जर्सीवर आदळलं. वन्संच्या भागात आठ दिवस वीज नव्हती. पंप बंद, पाण्यातला प्राणवायू संपला, थंडीने पाणी गारठलं. शेगडीवर तापवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवून त्यांनी दोन दिवस झुंज दिली. तिसऱ्या दिवशी घरभर सडक्या मासळीचा वास! चार वर्षांचं सगळं गेलं. पण त्याआधी महिनाभर त्यांनी या पोवळ्याची दोन तोंडांची फांदी पेनसिल्व्हेनियातल्या एका मैत्रिणीला दिली होती. दोन वर्षांनी तिने त्याच फांदीपासून वाढलेली एक फांदी परत आणून दिली. आजचं पोवळं त्या फांदीचं. तिकडचे छंदिष्ट एकमेकांत असे तुकडे वाटतच असतात. जर्मनीत बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका फांद्यांच्या पोवळ्याचे तुकडे तर हातोहात किती टाक्यांत पोचले!

आता माझा पराक्रम. वन्सं आणि त्यांचे यजमान लेकीला घेऊन सहा दिवस शिकागोला गेले. टाकी माझ्या हवाली. काम एवढंच, की रोज उडून जाणारं तीन-चार लिटर पाणी भरून काढायचं. पांढऱ्या बादलीत साधं शुद्ध पाणी होतं आणि निळ्या बादलीत आठवड्याला बदलायचं खारं पाणी. मी विचार केला, समुद्राची टाकी, म्हणजे खारंच पाणी घालायला हवं. आणि रोज इमानेइतबारे निळ्या बादलीतून ओतत राहिले.

मैत्रिणींनो, वीस वर्षं स्वयंपाक करतेय मी. आमटी आटली की खारट होते हे मला कुणी सांगायला नको. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पण परक्या घरात, परक्या यंत्रांपुढे अक्कल जणू पेटीत बंद होते. चौथ्या दिवशी झुबके अर्धे मिटले. मला वाटलं, झोपलेत. सहाव्या दिवशी एका तोंडाभोवतीचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला, तेव्हा फोन केला. माझा आवाज फुटत नव्हता.

वन्सं रागावल्या नाहीत. त्यांनी आधी दुर्बिणीसारखी दिसणारी एक नळी शोधायला लावली. तिच्यावर थेंब ठेवून उजेडाकडे पाहिलं की मिठाचं प्रमाण दिसतं. पस्तीसच्या जागी अडतीस! मी लगेच साधं पाणी ओतायला निघाले, तर ओरडल्या, "एकदम नको, त्या धक्क्यानेच मरतील." थोडं खारं काढायचं, तेवढंच साधं घालायचं, आणि हे दोन दिवसांत सावकाश. ती रात्र मी सोफ्यावरच काढली. एक तोंड गेलंच. बाकीची तिसऱ्या दिवशी हळूहळू उघडली, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

याच कलमांच्या युक्तीवर आज समुद्र सावरण्याची धडपड चालली आहे. फ्लॉरिडात केन नेडिमायर हा घरगुती टाक्यांसाठी मासे पकडणारा आणि समुद्रात दगड ठेवून 'जिवंत दगड' पिकवणारा माणूस. नव्वदच्या दशकात त्याच्या दगडांवर हरणाच्या शिंगांसारखं दुर्मीळ पोवळं आपणहून रुजलं. मुलीच्या क्लबच्या प्रकल्पासाठी बापलेकीने त्याचे तुकडे करून वाढवले. त्यातून २००७ साली एक संस्था उभी राहिली. तिने पुढे समुद्रात हजारो कलमं लावली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं, की लावलेली पोवळी पांढरी पडून मेली, आणि जगलेली उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. आपल्याकडेही २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ-वसाहती हलवून दुसरीकडे बसवल्या गेल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात पोवळी असतात हेच मला ठाऊक नव्हतं!

परत आल्यावर चिरंजीवांनी हट्ट धरला, आपणही टाकी करू. गावातला मासेवाला लगेच म्हणाला, "ताई, मुंबईहून पोवळी आणून देतो, फक्त बोलायचं नाही कुणाशी." न बोलण्याचं कारण सरळ आहे. खडक बांधणारी सगळी पोवळी आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. ती समुद्रातून काढणं किंवा त्यांचा व्यापार करणं हा गुन्हा, मग ती जिवंत असोत की वाळलेली. आमच्याकडे आता गोड्या पाण्याची छोटी टाकी आहे. तीत पाणवनस्पतींची कलमं चिरंजीव स्वतः करतात. डिसेंबरात मालवणला नेईन म्हटलंय. तिथे पाण्याखाली खरी पोवळी पाहता येतात, फक्त त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही आणि तुकडा आठवण म्हणून उचलायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वन्संनी कातर माझ्या हातात दिली. "त्या मैत्रिणीकडे आता एक तुझ्या हातचं जाऊ दे." झुबका बोटाने हलकेच टोचून मिटवायचा, खालच्या नागड्या सांगाड्यावर कातर धरायची आणि एकदम दाबायची. कट्‌ असा आवाज झाला तेव्हा माझेच डोळे मिटले होते. परवा पेनसिल्व्हेनियाहून फोटो आला. माझ्या तुकड्याच्या एका तोंडाची दोन होऊ लागली आहेत.